चोरलची गोल वाट मार्चमध्ये: आधी गाडी कुठे लावायची ते ठरवा

विचारलंय ते थोडक्यात असं. इंदूरचे आठ जण, त्यांत एकाचे आई-बाबा (वय ५८ आणि ६१). मार्चच्या पहिल्या रविवारी महू-चोरलच्या जंगलातली १४ किलोमीटरची गोल वाट करायची आहे. वर महूच्या पठारावर गाडी लावायची, खाली चोरल नदीच्या खोऱ्यात उतरायचं आणि दुसऱ्या बाजूने चढून परत गाडीपाशी यायचं. कुणीतरी जुलैत नोंदवलेला जीपीएस ट्रॅक हाताशी आहे, आणि पावसाळ्यात मंडळी या भागात दोनदा जाऊनही आली आहेत. प्रश्न तीन: पाणी माणशी किती, बूट कोणते, आणि फेरी घड्याळाच्या दिशेने घ्यावी की उलटी.

तिन्हींची उत्तरं देते. पण तुमचा खरा प्रश्न चौथा आहे आणि तो तुम्ही विचारलेलाच नाही: गाडी कुठे लावायची? गोल वाटेला स्वतःची सुरुवात नसते. तुम्ही जिथून पाऊल टाकाल तिथून ती सुरू होते. ट्रॅक ज्याने नोंदवला त्याने गाडी वर लावली होती, म्हणून तुम्हीही वरच लावणार. पावसाळ्यात ते खपून जातं. मार्चमध्ये हाच निर्णय महागात पडतो.

कारण आपले डोंगर उलटे आहेत. सह्याद्रीत माणूस पायथ्याशी गाडी लावतो, सकाळी ताज्या पायांनी चढतो आणि दुपारी उतरतो. इंदूर बसलंय माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. म्हणजे घरातून निघतानाच आपण डोंगराच्या माथ्यावर असतो, फक्त तसं वाटत नाही. महूच्या पुढे गेलं की पठार संपतं आणि विंध्याची कड निमाडच्या बाजूला कोसळते. मंडलेश्वरच्या रस्त्याला अहिल्याबाईंच्या काळातला जाम दरवाजा आहे. तिथे एकदा उभे राहा, मग मी काय म्हणते ते लगेच कळेल: मागे सपाट गव्हाची शेतं, पुढे पायाखाली दरी. आपल्याकडे वरून निघालं की उतार आधी येतो आणि चढ शेवटी.

त्यात विंध्याची ही बाजू दक्षिणेकडे, नर्मदेकडे तोंड करून आहे. बहुतेक चढांवर दुपारचं ऊन थेट अंगावर येतं. मार्चच्या सुरुवातीला आपल्याकडे सकाळी पारा १५ अंशांच्या आसपास असतो आणि दुपारी ३२-३३ पर्यंत जातो. सकाळी जॅकेट घालून निघालेला माणूस दीड वाजता उघड्या मुरमावर चढत असतो. आणि सावली नसते. हे पावसाळ्यात गेलेल्यांना पटत नाही, कारण त्यांनी हेच जंगल डोक्यावर छत्रीसारखं पसरलेलं पाहिलेलं असतं. फाल्गुनात साग, धावडा, सालई जवळजवळ उघडे पडलेले असतात.

हे शहाणपण मला चुकूनच आलं. मी या भागात वीसेक वर्षं माणसं घेऊन जाते. दहा-बारा वर्षांपूर्वी होळीच्या आधीच्या रविवारी नऊ जणांना घेऊन अशीच वरून उतरले होते. वाटा पाठ होत्या, आणि पाठ होत्या म्हणूनच गाफील होते. खाली नदीपाशी पोहे निघाले, शेव निघाली, पळस असा पेटलेला की फोटो संपेनात. निघायचं कुणाला सुचेना. मलाही नाही. चढायला लागलो तेव्हा साडेबारा वाजले होते. सागाच्या नुसत्या काठ्या उभ्या, आणि सावली म्हणजे त्या काठ्यांच्या जमिनीवर पडलेल्या रेघा. एक तृतीयांश चढ झाला आणि आमच्यातले एक काका, रोज सकाळी सात किलोमीटर चालणारे, मटकन खाली बसले. आधी पोटरीत गोळा, मग मांडीत. नऊ जणांत मिळून दीड बाटली पाणी उरलं होतं.

शेळ्या चारणारा एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा वरून आमच्याकडे बघत होता. तो खाली आला, काही न विचारता रिकाम्या बाटल्या घेतल्या आणि नाल्यात उतरला. मी मागोमाग गेले. नाला ठणठणीत कोरडा. एका मोठ्या दगडाच्या आडोशाला वाळू जराशी काळपट दिसत होती, तिथे तो दोन्ही हातांनी उकरायला लागला. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा तळाशी गढूळ पाणी जमलं. ते त्याने ओंजळीने बाहेर फेकलं. पुन्हा जमलं, पुन्हा फेकलं. तिसऱ्यांदा मात्र दगडाला टेकून बसला आणि मला हाताने थांबायची खूण केली. पाचेक मिनिटांत खड्ड्यात नितळ पाणी आलं. मग बाटलीच्या झाकणाने, एकेक झाकण करत, त्याने तीन बाटल्या भरल्या. पाऊण तास लागला असेल. काकांना मीठ-साखर घालून ते पाजलं, साडेचारपर्यंत कातळाच्या सावलीला बसवून ठेवलं, आणि अंधार पडता पडता वर आलो. त्या झिऱ्यावर भिस्त ठेवून कुणी जाऊ नका. तो नाला त्या मुलाला माहीत होता, मला नव्हता. त्यानंतर अनेकदा मी काळपट वाळू बघून खणलंय, आणि अनेकदा नुसती काळपट वाळूच निघाली आहे.

म्हणून माझं उत्तर: गाडी खाली लावा, चोरलला. इंदूर-खंडवा रस्त्याने सिमरोलचा घाट उतरलात की गाव येतं. पहाटे साडेपाचला शहर सोडा. मार्चच्या सुरुवातीला सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो, म्हणजे दिसायला लागताच पाय उचलता येतील. चढ सगळा गारव्यात होतो. साडेनऊ-दहापर्यंत तुम्ही पठाराच्या कडेवर असाल, आणि ऊन तापेल तेव्हा उरलेली वाट उताराची असेल.

यात तोटा नाही असं नाही. दुपारी दमलेल्या गुडघ्यांनी उतरावं लागतं, आणि मार्चमधला उतार हा जुलैतल्या उतारापेक्षा वाईट असतो. जुलैत चिखल दिसतो, माणूस जपून पाय टाकतो. मार्चमध्ये मुरमाच्या गोल खड्यांवर सागाची वाळकी पानं पसरलेली असतात. सुपाएवढं पान, खाली दगड आहे की खड्डा हे कळत नाही, आणि पाय पडला की पान खड्यांवरून घसरत जातं. घोटे मुरगळण्याच्या बहुतेक घटना मी इथेच पाहिल्या आहेत, आणि त्याही शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये.

यावरून तुमच्या दिशेच्या प्रश्नाचं उत्तर निघतं. घड्याळ विसरा. जी बाजू खडी आहे ती चढायला घ्या आणि जिथे बैलगाडीची किंवा जंगलखात्याची रुंद वाट आहे ती उतरायला. खडा चढ फक्त दम काढतो, खडा उतार गुडघा आणि घोटा काढतो. शिवाय काही झालं तर ते दिवसाच्या उत्तरार्धात होण्याची शक्यता जास्त, आणि तेव्हा तुम्ही अशा वाटेवर हवेत की जिथे गावातून मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर येऊ शकेल. काठी घ्याच. दोन घेतल्यात तर आणखी बरं.

काही कारणाने गाडी वरच लावावी लागली, तर मग सगळं वेळेवर बेतलेलं आहे. उजाडताच उतरा, आठ-सव्वाआठला नदीवर, आणि साडेआठला चढायला सुरुवात. पोहे वर गाडीपाशी खा, नदीवर नाही. नदीवर बसलेला इंदूरकर तासाभराच्या आत उठत नाही, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.

गोल वाटेची आणखी एक खोड सांगते, कारण ती नकाशात दिसत नाही. गेल्या वाटेनेच परतायचं असतं तेव्हा माणूस दमला की वळतो. गोल वाटेवर सात किलोमीटर झाले की मन म्हणतं, पुढे गेलो काय, मागे फिरलो काय, अंतर तेवढंच. अंतर तेवढंच असतं, पण मागची वाट पाहिलेली असते आणि पुढची नाही. म्हणून वेळ आधीच ठरवून सगळ्यांसमोर बोलून ठेवायची. तुमच्यासाठी मी साडेदहा धरेन. साडेदहाला कडेवर पोचला नाहीत, तर जिथे आहात तिथून आल्या वाटेने खाली. भांडण नाही, मतदान नाही. ही वेळ तुमच्या गटाच्या चालीवर अवलंबून आहे. तुम्ही चौघंच असता, सगळे तिशीतले, तर मी साडेअकरा म्हटलं असतं.

आता त्या जुलैच्या ट्रॅकबद्दल. तो दिशा दाखवायला उपयोगी आहे, पाऊल टाकायला नाही. पावसाळ्यात गवत दबून झालेली वाट मार्चमध्ये पानांखाली गडप असते, आणि उलट गुरांच्या दहा वाटा नव्याने उघड्या पडलेल्या असतात. गुरांची वाट ओळखायची एक खूण आहे: ती चढत नाही, डोंगराला आडवी जाते, आणि झुडपांखालून कंबरेच्या उंचीच्या बोगद्यासारखी निघते. माणसांच्या वाटेवर फांद्या डोक्याच्या उंचीला तोडलेल्या असतात.

हा सगळा खडक दख्खनच्या पठाराचाच, लाव्हाच्या थरांचा काळा दगड. थर म्हणजे पायऱ्या. एक उतरतं अंग, मग दोन-तीन पुरुष उंचीचा उभा कातळ, मग सपाट पट्टी, पुन्हा कातळ. वाट चुकलात की हमखास अशा एका कातळाखाली येऊन थांबाल आणि वरची झाडं हाताला लागतील इतकी जवळ दिसतील. तिथून चढायचा प्रयत्न करू नका. सपाट पट्टीवरून डावी-उजवीकडे शंभर-दोनशे पावलं चाला. कातळाला कुठेतरी खिंडार असतं आणि गुरं-माणसं तिथूनच जातात, शेणाच्या खुणा दिसतात. मिळालं नाही तर परत. कातळाला आडवं जाणं नेहमी चालतं, सरळ चढणं क्वचितच.

पाणी. ‘पग-पग नीर’ हे माळव्याचं वर्णन पठारावरच्या विहिरींसाठी ठीक आहे, या कडेला मार्चमध्ये लागू नाही. माणशी चार लिटर न्या. हिशोब असा: सकाळच्या चढाला तासाला अर्धा लिटर धरला तर दीड, कडेवर खाण्याबरोबर अर्धा, उतारावर उन्हात तासाला पाऊण-एक लिटर. हे साडेतीन-चारच्या घरात जातं, आणि तुमच्यात दोघं साठीच्या आसपास आहेत, त्यांना तहान उशिरा कळते. गाडीत वेगळे पाच लिटर ठेवा. ओआरएसची पाकिटं स्वस्त आहेत, आठ-दहा टाका. शेवेने मीठ मिळतं हे खरं, पण शेव पाणीही मागते. नदीत आणि नाल्यांत डोह उरलेले असतात, त्यांचं पाणी डोक्यावर ओता, पिऊ नका. गुरं, माकडं आणि बिबट्या सगळ्यांची आता तीच टाकी आहे. बिबट्या आहे, अधूनमधून वाघाच्याही बातम्या येतात. पहाटे आणि संध्याकाळी डोहापाशी रेंगाळायचं नाही, एवढं पुरे.

पाण्याबाबत एक जुनी आठवण सगळ्या इंदूरला आहे: २०११ च्या जुलैत पातालपानीच्या धबधब्याला अचानक लोंढा आला आणि माणसं वाहून गेली. तेव्हापासून आपण पावसाळ्यात धबधब्यापाशी जरा तरी सावध असतो. कोरड्या महिन्यांना मात्र आपण निर्धोक समजतो.

त्यांचे धोके वेगळे, आणि पहिला आगीचा. जंगलखातं फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आगीचा हंगाम धरतं. मार्चमध्ये मोहाची फुलं गळायला लागतात, ती वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालची पानं जाळली जातात, आणि एखादी जाळ निसटते. गावकऱ्यांना नावं ठेवायची घाई नको, सहलीला आलेल्यांच्या चुलीही तेच करतात. चूल पेटवू नका, चहा थर्मासमध्ये न्या. धूर दिसला तर एवढंच लक्षात ठेवा: आग चढावर धावते, उतारावर रांगते. दुपारी वाराही दरीतून वर येतो. खाली धूर असेल तर घाबरून वर पळायचं नाही, आडवं सरकायचं, उघड्या कातळाकडे, शेताकडे किंवा आधीच जळून काळ्या झालेल्या पट्ट्याकडे. नाल्याच्या घळीत शिरायचं नाही, ती धुराड्यासारखी काम करते.

दुसरा, आग्या मोहोळ. पळस, काटेसावर फुलल्यात म्हणजे माश्या जोरात. कड्यांवर आणि उंच झाडांवर काळे पडदे लटकलेले दिसतात. अत्तर नको, स्पीकर नको, कड्याजवळ ड्रोन तर अजिबात नको. उठल्याच तर हात झाडत उभं राहायचं नाही. तोंड-डोकं कापडाने झाकून पळायचं, सामान टाकून, शंभर-दीडशे मीटर तरी, दाट झुडपात. पाण्यात उडी मारून फायदा नाही, त्या वर घिरट्या घालत थांबतात. काटे नखाने किंवा कार्डाच्या कडेने लगेच खरवडून काढा. दहा-पंधरापेक्षा जास्त डंख, उलटी किंवा श्वास लागणं: थेट इस्पितळ.

बूट-कपड्यांचं यातूनच ठरतं. घोट्यावर येणारे, खोल दातांच्या तळव्याचे बूट, पण नवे कोरे नकोत. पायांत लोकरी किंवा सैल सुती मोजे घातलेत तर संध्याकाळ कुसळं उपटण्यात जाईल. वाळक्या गवताचं कुसळ शिरताना सरळ जातं आणि निघताना उलटं अडकतं. गुळगुळीत कापडाची लांब पँट, आणि मोज्यावर ओढायला गुळगुळीत पट्टा. पूर्ण बाह्या किवांचसाठी. आपण घरी तिला खाजकुइरी म्हणतो: तपकिरी मखमली शेंग, ऐन या दिवसांत वाळून कुसं सोडते. लागली तर पाण्याने धुवू नका, चोळू नका, ती पसरते. चिकटपट्टी लावून ओढा. पट्टीची एक गुंडाळी खिशात असू द्या, फाटलेल्या बुटाच्या तळव्यालाही तीच उपयोगी पडते.

दोन ठिकाणी जायचं नाही. एक, रेल्वेचे रूळ. पातालपानी-कालाकुंड घाटातून रुळावरून चालत जायची फॅशन आहे. ते बेकायदा आहे आणि पुलांवर बाजूला सरकायला जागा नसते. दुसरं, महूच्या आसपासच्या लष्कराच्या फायरिंग रेंज. पाट्या आणि लाल झेंडे असतात, पण जंगलाच्या बाजूने शिरलं तर दिसतीलच असं नाही. लोखंडाचा तुकडा पडलेला दिसला तर कितीही जुना वाटो, हात लावायचा नाही. या दोन्हींसाठी आणि आगीसाठीही एकच उपाय: आदल्या दिवशी चोरलच्या नाकेदाराला, म्हणजे जंगलखात्याच्या वनरक्षकाला, गाठा. परवानगी लागते का, कुठे काम चालू आहे, कुठला पट्टा जळतोय, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. दरीत मोबाईलला रेंज नाही असंच धरून चाला आणि घरी कुणाला तरी वेळ सांगून ठेवा: चारपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं.

आई-बाबांचं शेवटी ठेवलं, कारण त्यावर मला ठाम सांगता येणार नाही. ६१ हे वय नाही. माझ्यासोबत सत्तरीच्या एक मावशी येतात आणि माझ्या पुढे चालतात. पण त्या दर महिन्याला चालतात. तुमच्या बाबांनी याआधी एका दिवसात दहा किलोमीटर चढउतार केला असेल तर न्या. नसेल, तर आधी दोन रविवार राळामंडळची टेकडी चढवा, होळकरांच्या शिकारगाहपर्यंत, न थांबता. उतरताना गुडघा धरून पायऱ्या मोजायला लागले तर उत्तर मिळालं. मग त्यांना गोल वाटेचा हट्ट नको. पातालपानी-कालाकुंडची छोटी गाडी त्या दिवशी धावत असेल तर तिची तिकिटं काढून द्या. बोगदे, पूल, दरी सगळं बसून दिसेल, आणि कालाकुंडला स्टेशनवरचा कलाकंद मिळेल. तुम्ही खालून सुरुवात केलीत तर एक-दीडला चोरलला परत असाल. दोन डबे आणायला त्यांना आधीच सांगून ठेवा, एकात आठ जणांचं भागत नाही.

आणि तारीख पुढे ढकलणार असाल तर रंगपंचमीच्या दिवशी ठेवू नका. गेर, म्हणजे त्या दिवशीची रंगांची मिरवणूक, सोडून सहा इंदूरकर पहाटे साडेपाचला जमतील यावर माझा विश्वास नाही.